माहेरचं इंजिन

रोहणा, २८ ऑगस्ट २०२५

श्री. धनंजयराव यांस,

वर्ध्याच्या बोरगाव मेघेला सुखरूप पोचल्याचं विवेकभाऊंकडून कळलं. गावात मुक्कामी बस घेऊन येणारा कंडक्टर नवऱ्याची खुशाली सांगतो आणि नवरा सांगत नाही, असं हे आपलं घर. फोन लावला की तुमच्या शोभाताई उचलतात आणि म्हणतात, "तो जेवून राह्यला." सकाळी लावला तर जेवून राह्यला, दुपारी लावला तर जेवून राह्यला, रात्रीही जेवूनच राह्यला. भावाला खाऊ घालून फोडायचं बहिणीने ठरवलं असेल तर माझी हरकत नाही, पण मी बोलायचं कोणाशी? म्हणून शेवटी कागद घेतला. पत्राला तरी त्या जेवायला बसवणार नाहीत.

आता मुद्द्याचं. तुम्ही गेलात ते गेलात. पण जाताना पान्यांची पेटी घेऊन गेलात आणि गाडी माझ्या शिलाईच्या खोलीत टाकून गेलात. शहाणा माणूस उलट करतो. भिंतीला तुमच्या बाबांच्या राजदूतचा सांगाडा टेकवलेला, दाराशी पोत्यावर माझ्या बाबांच्या येझदीचं इंजिन, आणि मधे जी वीतभर जागा उरली तिच्यात मी आणि माझी मशीन. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका सांगाड्यात पदर अडकवून घेतात. परवा एकीच्या कोऱ्या साडीला ऑइल लागलं. ते काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

लोकांच्या बायका माहेरून पैठणी आणतात, मी इंजिन आणलं. गोठ्याची भिंत पडून बाबांच्या गाडीचा चेंदामेंदा झाला, तेवढं इंजिन वाचलं होतं. बाबा गेल्यावर ते भंगारात निघालं, ते मला पाहवेना, म्हणून पोत्यात बांधून घेऊन आले. ते खाटेखाली पडून राहणार होतं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. राजदूतमध्ये बसवायची कल्पना तुमची. "पावणेदोनशे सीसीच्या सांगाड्यात अडीचशे सीसीचं इंजिन. तुह्या बाबाचं अन् माह्या बाबाचं एका गाडीत," असं म्हणाला होतात. तेव्हा मला ते फार आवडलं होतं, नाकारत नाही. पण त्याला वर्ष उलटून गेलं.

आणि पोळ्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंत, त्याबद्दल ऐका. बैलांच्या रांगेत मोटारसायकल उभी करा असं मी सांगितलं होतं का? हँडलला बेगड मी लावली होती का? सगळा गाव तोरणाखाली जमलेला. तोरण तुटलं, बैल चालायला लागले, तुमची गाडी दोन हात गेली आणि चेन उतरली. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. मागचे बैल खोळंबले. मी फक्त एवढंच म्हटलं, "आता हिले दावं बांधा अन् बैलाच्या मांगं ओढत न्या." लोक हसले, त्याला मी काय करू? आणि शेवटी तुम्ही दावं बांधूनच घरी आणलीत ना गाडी? मग मी चुकीचं काय बोलले?

त्यावर तुम्ही रागारागाने इंजिन उतरवलंत आणि सकाळी आईंच्या देखत म्हणालात, "हे गाडी चालली तरच घरात पाय ठेवीन." गाडी इथे, तुम्ही तिथे. ती चालणार कशी? शपथ घेताना माणसाने थोडा हिशोब करावा.

तुमचं गॅरेज बंद आहे. लोक पंक्चरची चाकं घेऊन माझ्याकडे येतात. येऊन गाडी घेऊन जा, नाहीतर भंगारवाला दर सोमवारी दारावरून जातो.

सध्या तुमची म्हणवून घ्यायच्या मनःस्थितीत नसलेली,
मोहिनी


रोहणा, ११ सप्टेंबर

धनंजयराव,

काल विवेकभाऊंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणून दिलं. आईंना वाटलं पेढे. उघडून पाहिलं तर चौदा-पंधराचा पाना. एकच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी त्या वर्तमानपत्राच्या चारी कडा तपासल्या, कुठे पेनाने काही लिहिलं आहे का म्हणून. वर्ध्यातली श्राद्धं आणि साड्यांचे सेल, एवढंच होतं.

आई पाना हातात घेऊन म्हणाल्या, "अवं, हे त्यानं तुह्यासाठीच पाठोलं. खोल म्हनते तो."

"मी काऊन खोलू?" म्हटलं. "मी का मिस्त्री आहे?"

"मंग ठेव उशाशी," म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. तुमचा स्वभाव कोणावर गेला हे मी बावीस वर्षं शोधत होते.

तर मी ठरवलं आहे. भंगारवाल्याला देणार नाही. ती गाडी मीच चालवून दाखवते. तुम्हाला परत आणायला नव्हे, गैरसमज नको. मला खोली मोकळी हवी आहे.

आज वेल्डिंगवाल्या ऋतिकला बोलावलं. तो सांगाड्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "वहिनी, कीक कुठी गेली हिची?" त्याला दाखवलं की येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीत असतात, दांडी आत दाबून फिरवली की तीच किक होते. बाबांनी मला शिकवलं होतं. मी नववीत असताना आमच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीत ही गाडी चालवलेली आहे, ते तुम्ही दरवेळी विसरता.

मग त्याने खरं दुखणं सांगितलं. इंजिन बसायला तुम्ही सांगाड्याच्या पोटात पट्ट्यांचा जो पाळणा केला आहे, तो इतका घट्ट आहे की इंजिन तसूभर इकडे-तिकडे होत नाही. आणि त्या जागी इंजिनची चेन ओढणारी दातेरी चकरी मागच्या चाकाच्या चकरीच्या रेषेत येत नाही. चेन तिरपी धावते, म्हणून उतरते. "दादाले हे माईत आहे," ऋतिक म्हणाला, "पन पाळना कापाचं त्याच्या जिवावर येते. चार वेळा वेल्डिंग केलं त्यानं."

तुमच्या जिवावर येत असेल. माझ्या नाही. कापून टाक म्हटलं. नवा कर.

"अन् माप कोन देईन?"

"मी देते," म्हटलं.

वीस वर्षं या पंचक्रोशीतल्या बायकांची मापं घेते आहे. एक इंजिन मला काय जड? ते माप घेताना पोट आत ओढत नाही, आणि "जरा बारीक दिसन असं शिवा" असंही म्हणत नाही. टेप लावला, आडवं घेतलं, उभं घेतलं, बुकरमच्या कडक कापडावर आखून कापून ऋतिकच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, असं माप मला आजवर कोणी दिलं नाही.

जेवण चाललं असेल तर सावकाश जेवा.

मोहिनी


रोहणा, २६ सप्टेंबर

धनंजयराव,

नवरात्राची घाई आहे. नऊ दिवसांच्या नऊ रंगांचे ब्लाउज शिवून माझे डोळे आत गेलेत, त्यात तुमच्या गाडीने माझी अब्रू काढली.

पाळणा झाला. ऋतिक घेऊन आला, जुना कापून नवा जोडला. चौघांनी उचलून इंजिन आत ठेवलं. ठेवलं आणि ते आत डुगडुगलं. दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. ऋतिकने बोट घालून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, हे इंजिन काय पोटुशी आहे? जागा काऊन सोडली?"

सगळे हसले. आई तर डोळे पुसत होत्या.

तुम्ही तिथे बसून हसायच्या आधी सांगते. मी चुकले नाही. अंगाचं जे माप असतं, त्याच मापाचा कपडा कोणी शिवत नाही. छत्तीस छाती असेल तर छत्तीसचा ब्लाउज शिवला की बाईने हात वर केला, बगल उसवली. माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. म्हणून लूज धरायचं असतं, ते न सांगता धरायचं असतं, हातच तसा पडतो. मी टेप लावला तेव्हा माझ्या हाताने दोन्हीकडे लूज धरलं. इंजिन श्वास घेत नाही हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. सांगायचं काम ज्याचं, तो बोरगावला जेवत होता.

आता हे असं आहे. बोल्ट आवळले तर पट्ट्या वाकतात, नाही आवळले तर इंजिन नाचतं. ऋतिक म्हणतो, पुन्हा कापू. मी म्हटलं, थांब. पुन्हा कापायचं तर पुन्हा तेच वर्षभराचं गुऱ्हाळ. आणि खरं सांगू का, मला ते कापवत नाही आता. तुम्हाला का कापवत नव्हतं ते थोडंसं कळलं, पण त्याचा अर्थ मी तुमची बाजू घेते असा मुळीच नाही.

रुचिकाचा होस्टेलवरून फोन आला होता. विचारत होती, बाबा आत्याकडे किती दिवस? मी म्हटलं, आत्याचं स्वयंपाकघर रिकामं होईपर्यंत. ती हसली नाही. "आई, तुम्ही दोघं मोठे कधी होणार?" म्हणाली. ही पोरगी तुमच्यावर गेली नाही, एवढं एक बरं झालं.

मोहिनी


रोहणा, ३ ऑक्टोबर

धनंजयराव,

तुमचं दुसरं पुडकं पोचलं. या वेळी वर्तमानपत्र मराठी नव्हतं, हिंदी होतं, तरी कडा तपासल्याच. आत लोखंडी बुश, बोल्टवर घालून फट भरायची कडी. चार. म्हणजे मित्राच्या लेथवर बसून कापलेत, चकचकीत आहेत, हात फिरवला तर रेशमासारखे. पण काय हो, दोन अंगठ्याएवढे जाड आणि दोन बारीक, चार आण्याच्या नाण्याएवढे. झोपेत कापलेत का? फट तर दोन्हीकडे सारखी आहे. मी पत्रात तसं लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंनी." पत्र वाचता की ताई वाचून सांगतात?

आणि हे पाठवताना एक ओळ खरडली असती तर हात झडला असता का? "बुश पाठवले आहेत." तीन शब्द. मी त्यावर सुद्धा भागवलं असतं.

काल दसरा झाला. गावात सगळ्यांनी गाड्या धुतल्या, ट्रॅक्टर धुतले, हार घातले. आपल्या अंगणात गाडी नाही. आईंनी सांगाड्याला वेगळा हार घातला, इंजिनला वेगळा. दोन नारळ फोडले. मी म्हटलं, "आई, एकच फोडा, दोन्ही मिळून एकच गाडी आहे." तर म्हणाल्या, "हाये का एक? मले तं दोन दिसून राह्यल्या." आणि पदराआड तोंड घेतलं. त्या हसत नव्हत्या.

सोनं द्यायला बायका आल्या, प्रत्येकीने विचारलं, "धनुभाऊ नाई आले दसऱ्याले बी?" मी म्हटलं, काम आहे वर्ध्याला. रुख्माबाई म्हणाली, "कोनतं काम? तिथं तं गॅरेज नाई त्यायचं." ही बाई शेजारी राहते की माझ्या डोक्यावर, कळत नाही. तिची म्हैससुद्धा आपल्या अंगणाकडेच तोंड करून बांधलेली असते.

शोभाताईंचा फोन आला होता, त्यांनी आपणहून केलेला पहिला. म्हणाल्या, "भाऊबिजेपर्यंत राहू दे त्याले, आता आलाच आहे तं." भाऊबीज त्यांची, मान्य. पण भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पाडवा असतो. पाडव्याला कोणाला ओवाळतात हे शोभाताईंना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. मी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं.

मला करमत नाही. लिहून टाकलं. पहाटे चहा टाकताना अजून दोन कप मांडते आणि मग एक परत ठेवते. रात्री तुमचं ते रेडिओसारखं घोरणं नाही तर झोप लागत नाही, आणि बावीस वर्षं मी त्याच घोरण्यावरून भांडले. आता याच्यावरून शेफारू नका.

पण एवढं कळवा की हे दोन जाड आणि दोन बारीक बुश घेऊन मी नेमकं काय करायचं.

मोहिनी


रोहणा, १२ ऑक्टोबर

अहो,

कळलं.

कळवलं नाहीत तुम्ही, आपोआप कळलं. दहा दिवस ते बुश कात्रीशेजारी पडून होते. काल ऋतिकला बोलावलं. त्याने डावीकडे एक जाड एक बारीक, उजवीकडे एक जाड एक बारीक असं लावून पाहिलं. इंजिन तिरकं झालं. मग सगळे जाड उजवीकडे, बारीक डावीकडे. चेन आणखीच वाकडी. तो म्हणाला, "दादानं घाईत कापले असन. लेथवाल्याले सांगून सारखे करून आनतो."

मी मशीनवर एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज मोठा करत होते. दोन्ही बाजूंनी उसवायला कपडा होता, पण बाईचा एक खांदा उतरता आहे, म्हणून एकाच बाजूने जास्त सोडत होते. सोडता सोडता हात थांबला. उठले आणि म्हटलं, "उलटे लाव. जाड डावीकडे."

लावले. इंजिन अख्खंच्या अख्खं एका बाजूला सरकून बसलं. बोल्ट आवळले, पट्टी वाकली नाही. चेन चढवली आणि ऋतिक जमिनीवर पोट टेकून मागून पाहत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, लाइन आली."

मी खाली वाकून पाहिलं. पुढच्या चकरीपासून मागच्या चकरीपर्यंत चेन सरळ, टीप घातल्यासारखी.

म्हणजे तुमचा पाळणा बरोबर मापाचा होता, म्हणूनच अडलं होतं. सरकायला जागाच नव्हती. मी चुकून लूज धरलं आणि जागा झाली. आणि ते तुम्हाला माझं पत्र वाचल्यावर लगेच कळलं. ऋतिक हसला, आई हसल्या, अख्खी आळी हसली, आणि तिकडे बोरगावला तुम्ही एकटे न हसता उठून लेथवर गेलात.

यावर मला तुमचा जेवढा राग आला आहे तेवढा पोळ्यालाही आला नव्हता. एवढं कळलं होतं तर लिहायला काय झालं होतं? मी इथे पंधरा दिवस गावाचं हसणं खात बसले. "मोहिनी, तुझं माप बरोबर निघालं," एवढंच लिहायचं होतं. तुमच्या तोंडातून एक चांगला शब्द काढायचा म्हणजे जुन्या इंजिनचा गंजलेला बोल्ट काढण्यासारखं आहे.

आता वायर जोडायच्या आहेत, दोन सायलेन्सर बसवायचे आहेत, पेट्रोलमध्ये किती ऑइल घालायचं ते मला आठवतं आहे. पाडवा बावीस तारखेला आहे. हे मी सहज लिहिलं.

मोहिनी

ता. क. सायलेन्सरचा एक क्लॅम्प तुटका आहे. चिठ्ठीशिवाय पाठवलात तरी चालेल, सवय झाली.


रोहणा, १९ ऑक्टोबर, रविवार

अहो,

क्लॅम्प मिळाला. बसला.

गाडी मात्र चालली नाही. तुम्हाला कळवावं म्हणून लिहिते आहे. आज सकाळी सगळं जोडून झालं, पेट्रोल टाकलं, ऋतिकने दोन किक मारल्या, मी एक मारली. नाही चालली. तेव्हा तुमची शपथ जशीच्या तशी शाबूत आहे.

विवेकभाऊ किंवा दुसरं कोणी तुम्हाला काही वेगळं सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. गावाला कामधंदा नसतो. उदाहरणार्थ, रुख्माबाईच्या म्हशीने आज सकाळी दावं तोडलं आणि ती थेट पांदणीने वावरापर्यंत पळाली. त्याचा आपल्या गाडीशी काही संबंध नाही. म्हशी दावं तोडतात. रुख्माबाईने रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याच्या मधून एका चाकाची रेघ गेली आहे, जाताना एक आणि येताना एक. ती सायकलची असेल. आईंना कालपासून ऐकू कमी येतं, वयच झालं. अंगणात निळा धूर अजून रेंगाळतो आहे, तो उदबत्तीचा. माझ्या उजव्या पोटरीला थोडं भाजलं आहे, ते इस्त्रीने.

आणि आई दारात उभ्या राहून रडत होत्या, "किसनरावाची गाडी, प्रभाकररावाचा आवाज" असं काहीतरी म्हणत होत्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नका. त्यांना आता तुमचे बाबा आणि माझे बाबा फार आठवतात.

आता माझं ऐका. समजा, गाडी चालली असती. मी तुम्हाला तसं कळवलं असतं आणि तुम्ही पेटी उचलून आला असता. मग तुम्ही गाडी चालली म्हणून आलात की मी इथे आहे म्हणून आलात, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. रोज पहाटे चहा टाकताना मी तेच मनात घोळवत बसले असते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एकदा धागा गुंतला की मी तो सुटेपर्यंत जेवत नाही. त्यामुळे नाही चालली तेच बरं झालं.

गाडी चालली नाही. शपथ मोडावी लागेल. मोडा आणि या. गाव हसेल, आई टोमणे मारतील, शोभाताई म्हणतील बायकोने बोलावलं तर शेपूट हलवत गेला. हे सगळं ऐकून घ्यावं लागेल. मी पोळ्याला बोलले ते मागे घेणार नाही, तेही ऐकून घ्यावं लागेल. एवढं सगळं करून यायचं असेल तर पाडव्याचं ताट मी मांडून ठेवते. यायचं नसेल तर मला नवा पाना पाठवू नका. दुसरं काही पाठवू नका.

चंदनाचं उटणं संपलं आहे. ते येताना आणता येईल. न येता पाठवायचं नाही.

तुमची,
मोहिनी


बोरगाव मेघे, २० ऑक्टोबर

मोहिनी,

मले लिहिता येत नाई हे तुले लग्नाच्या आधीपासून माईत आहे. हे चिठ्ठी ताई समोर बसून पाहून राह्यली, म्हणून लवकर आटोपतो.

विवेक आज तुहं पत्र देताना सांगत होता का काल त्याची बस निघून राह्यली तवा पांदणीतून येझदीचा आवाज आला, अन् पदर खोचून कोनीतरी बाई गाडी पळवत गेली. मी त्याले म्हटलं, तुह्ये कान तपासून घे. माह्या घरून पत्र आलं आहे, गाडी चालली नाई. माही बायको मापात खोटं बोलत नाई.

तुहं माप बरोबर होतं. हे मले त्याच दिवशी लिहाचं होतं. चार कागद फाडले, मंग बुश कापले.

गाडी चालली नाई तरी येऊन राह्यलो. आईले तसंच सांगजो. ताईले सांगितलं, भाऊबिजेले तूच ये रोहण्याले. ते डबा भरून राह्यली.

उद्याच्या मुक्कामी गाडीनं निघतो. पेटी आणतो, उटणं आणतो. पोटरीले हळद लाव. अन् रुख्माबाईले सांग, तिच्या म्हशीसाठी नवं दावं घेतलं आहे, जाड.

धनंजय